गाणी ऐकवलेलं चीज खरंच वेगळं लागतं का?

प्रश्न असा आहे: स्वित्झर्लंडमध्ये एकाने मुरत ठेवलेल्या चीजला काही महिने संगीत ऐकवलं आणि त्यात हिप-हॉप ऐकलेलं चीज सरस ठरलं, ही बातमी कितपत खरी मानायची? आणि ती खरी असेल तर आपल्याकडच्या छोट्या चीज-युनिटमध्ये, लोणच्याच्या बरणीपाशी किंवा हॉटेलात स्पीकर लावून काही साधेल का?

चीज मुरवण्याच्या खोल्या आणि चव तपासणारी पॅनेलं, दोन्हींशी माझा रोजचा संबंध आहे. त्यामुळे आधी थेट उत्तर देतो. घट्ट पदार्थ मुरताना त्याच्यावर संगीताचा परिणाम होतो याला आजवर विश्वास ठेवावा असा पुरावा नाही. पातळ, आंबणाऱ्या किंवा नुकत्या लागत असलेल्या पदार्थावर कंपनांचा परिणाम होऊ शकतो, पण तो हलवण्याचा परिणाम असतो. गाणं कोणतं याला तिथे काही किंमत नाही. खाणाऱ्या माणसाच्या चवीवर मात्र आवाजाचा परिणाम नक्की होतो, आणि तो पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे. लोक ज्या ठिकाणी तो शोधतात त्या ठिकाणी मात्र तो नसतो.

आता त्या स्विस प्रयोगाकडे येऊ. एमेंटाल भागातल्या बुर्गडोर्फ गावी बीट वाम्फलर हे पेशाने पशुवैद्य आणि हौसेने चीज करणारे गृहस्थ आहेत. बर्नच्या कला विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये एमेंटाल चीजची नऊ व्हील्स वेगवेगळ्या लाकडी पेट्यांत ठेवली. व्हील म्हणजे चीजचा चाकासारखा गोल गड्डा. ही प्रत्येकी सुमारे १० किलोची होती. पाच व्हील्सना रॉक, मोझार्टचा ऑपेरा, टेक्नो, अँबियंट आणि हिप-हॉप असं संगीत मिळालं. तिघांना फक्त एकेक सूर मिळाला: २५, २०० आणि १००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. एक शांततेत राहिलं. हे साडेसहा महिने, रात्रंदिवस. मार्च २०१९ मध्ये झ्युरिकच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातल्या अन्नतंत्रज्ञांनी आणि एका परीक्षक मंडळाने, कोणतं चीज कुठलं हे न सांगता, चव घेतली. हिप-हॉपच्या चीजला वास जास्त आणि चव फळांकडे झुकणारी आहे असं ठरलं. संगीत ऐकलेली चीजं एकंदरीत शांततेतल्या चीजपेक्षा सौम्य आहेत असंही नोंदवलं गेलं.

या प्रयोगाबद्दल मला आदर आहे. वाम्फलरांनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली: खोलीत स्पीकर न लावता छोटे ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेच्या संकेताचं कंपन करणारी उपकरणं, थेट चीजला जोडले. कारण हवेतला आवाज चीजमध्ये शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. हवा आणि पाणी (चीजमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणीच असतं) यांच्या सीमेवर आवाजाची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. उरलेला हजारावा भाग आत जातो. ९४ डेसिबल म्हणजे कानाला त्रास व्हावा इतका मोठा आवाज. त्यात हवेचा दाब फक्त १ पास्कलने वरखाली होतो, आणि वातावरणाचा दाब आहे साधारण एक लाख पास्कल. म्हणून मुरवण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात म्युझिक सिस्टीम ठेवून चीजला काही पोचेल ही अपेक्षा सोडून द्यावी. तिथे गाणं ऐकतात ती चीज पलटणारी आणि पुसणारी माणसं. त्यांचा वेळ बरा जातो, आणि तेवढ्यासाठी लावायला माझी काहीच हरकत नाही.

अडचण प्रयोगाच्या आकड्यात आहे. एका संगीताला एकच व्हील. चीज करणाऱ्या कोणालाही विचारा, एकाच दिवशी, एकाच दुधाची, एकाच साच्यातली दोन व्हील्स सहा महिन्यांनी सारखी निघत नाहीत. एक मिठवणीत तळाशी राहिलेलं असतं, दुसरं वर तरंगलेलं. एकाला दाब थोडा जास्त बसलेला असतो, म्हणून निवळी जास्त निथळलेली. एक फळीच्या टोकाला, पंख्याच्या झोतात. त्याची साल लवकर सुकते. एमेंटालचं तर आणखी वेगळं आहे. त्यात प्रोपिओनिक जीवाणू लॅक्टेट खाऊन प्रोपिओनिक आम्ल, ॲसेटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. त्यातूनच ती गोडसर, अक्रोडासारखी चव येते आणि भोकं पडतात. हे जीवाणू एका व्हीलमध्ये दोन दिवस आधी जागे झाले तरी चवीत फरक पडतो. त्यात बाजारातलं खरं एमेंटाल ७५ ते १२० किलोचं असतं, आणि ही व्हील्स १० किलोची. लहान गड्ड्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणजे सुकणं जास्त आणि आपसांतला फरकही जास्त. नऊ वेगवेगळी व्हील्स ठेवली की त्यांतलं एक कोणतंतरी सर्वांत फळांच्या चवीचं निघणारच. ते हिप-हॉपमुळे निघालं असं म्हणायला हिप-हॉप ऐकलेली निदान आठ-दहा व्हील्स हवीत, तितकीच शांततेतली हवीत, आणि दोन्ही गट खोलीत विखरून ठेवलेले हवेत.

दुसरी शंका मला त्याहून महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ट्रान्सड्यूसर चालताना गरम होतो. खर्जाचा ठोका सतत असलेलं संगीत वाजवताना त्यात शक्ती जास्त खर्च होते, हळुवार संगीताला कमी, शांततेला शून्य. बंद लाकडी पेटीत, साडेसहा महिने, दिवसरात्र. अशा वेळी प्रत्येक व्हीलच्या पोटातलं तापमान वेगळं मोजून जुळवलेलं नसेल, तर संगीताचा परिणाम आणि ऊबेचा परिणाम वेगळे काढताच येणार नाहीत. मुरवण्याच्या खोलीत एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक काय करतो ते मी रोज पाहतो. फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेलं दही लवकर लागतं हे घरोघरी माहीत आहे. ते फ्रिजच्या घरघरीने लागतं असं कोणी म्हणत नाही, कारण हात लावला की ऊब कळते.

म्हणजे चीजवर बारीकसारीक गोष्टींचा परिणाम होत नाही असं मात्र नाही. उलट तो आश्चर्य वाटावं इतका होतो. स्विस चीजमधली भोकं २०१५ च्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत कमी होत चालली होती. २०१५ मध्ये तिथल्या ॲग्रोस्कोप या सरकारी कृषी संशोधन संस्थेने एम्पा या संस्थेबरोबर चीजचे सीटी स्कॅन काढून त्याचं कारण शोधलं: वाळलेल्या गवताची धूळ. पूर्वी उघड्या बादलीत दूध काढताना गवताचे सूक्ष्म कण दुधात पडायचे, आणि त्या कणांभोवती वायू जमून भोक तयार व्हायचं. यंत्राने, बंद नळीतून दूध काढायला लागल्यावर धूळ गेली आणि भोकंही गेली. दुधात मोजून धूळ घातली तर भोकांची संख्या हवी तशी कमी-जास्त करता येते हेही त्यांनी दाखवलं. पुरावा असा असावा लागतो. कारण सांगितलं, यंत्रणा दाखवली, मात्रा बदलली तसा परिणाम बदलला. संगीताच्या बाबतीत यांतलं एकही पाऊल अजून पडलेलं नाही.

यंत्रणेचाच विचार करा. चीजमधला जीवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा. पाण्यात १००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे दीड मीटर. एवढ्या लांब लाटेत तो जीवाणू आणि त्याच्या आजूबाजूचं केसीनचं (दुधातल्या मुख्य प्रथिनाचं) जाळं हे सगळं एकत्रच पुढे-मागे सरकतं. जीवाणूच्या एका बाजूला ओढ आणि दुसऱ्या बाजूला दाब असं काही होत नाही. घट्ट पदार्थात तो जागीच अडकलेला असल्याने ढवळला जाण्याचाही प्रश्न नाही. मग तो मोझार्ट आणि रॉक यांतला फरक ओळखणार तरी कशाने?

पातळ पदार्थाचं वेगळं आहे, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण दूधधंद्यातल्या माणसाला याचा खरा उपयोग आहे.

दही लागत असताना दूध एका नाजूक टप्प्यातून जातं. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.४ वरून ५.१ वर उतरतं तेव्हा केसीनचे कण एकमेकांना धरायला लागतात. जाळं विणलं जात असतं, पण पक्कं झालेलं नसतं. जर्मनीतल्या होएनहाइम विद्यापीठातल्या दुग्धतंत्रज्ञांनी नेमक्या या टप्प्यात कंपनं दिली. काही प्रयोगांत कानाला ऐकू न येणारी, काहींत मोटर आणि पंपांच्या घरघरीच्या पट्ट्यातली. त्या दह्यात कणी धरली. डेअऱ्यांमध्ये टाकीच्या शेजारी पंप चालू असला की घोटलेलं दही गुळगुळीत न होता रवाळ का निघतं, याचं हे एक स्पष्टीकरण आहे. असं दही ओळखायला सोपं असतं: चमचाभर काळ्या बशीत पातळ पसरून उजेडाकडे तिरकं धरा, पांढरे ठिपके वेगळे दिसतात. जिभेला टाळूवर रव्यासारखं लागतं. आंबटपणा तोच, वास तोच, पण खाणारा म्हणतो की चव बिघडली. तेव्हा कंपनाने पदार्थ बदलतो का, याचं माझं उत्तर इथे हो असं आहे. फक्त हा बदल नको असलेला आहे. तुमच्या युनिटमध्ये दही किंवा ताजं चीज लागत असेल तर टाकीच्या पायाखाली रबरी पॅड घाला आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या भिंतीला न्या.

बिअरवर न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात चांगलं काम झालं आहे. त्यांनी आंबवायचा रस प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून पाण्याच्या मोठ्या टाक्यांत सोडला आणि पाण्याखालच्या स्पीकरमधून आवाज दिला, म्हणजे हवा आणि पाणी यांच्या सीमेची अडचणच काढून टाकली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पहिल्या एक-दोन दिवसांत शांततेतल्या पिशव्याच पुढे होत्या. नंतर सगळ्या एकाच जागी येऊन थांबल्या. सुगंधी द्रव्यांपैकी फक्त काही अल्कोहोलांमध्ये आवाजाचा सुसंगत परिणाम दिसला. म्हणजे यीस्टला आवाज अगदीच कळत नाही असं नाही, पण पेल्यातल्या बिअरमध्ये सांगण्यासारखं फार उरत नाही.

लाकडी पिंपात मुरणाऱ्या दारूबद्दलही हाच प्रश्न येतो. अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिल शहरात एक डिस्टिलरी ब्रँडीच्या पिंपांना सबवूफरवर, म्हणजे खर्जाच्या स्पीकरवर, गाणी ऐकवत आली आहे. मेटॅलिका या बँडच्या नावाने २०१८ मध्ये आलेली व्हिस्कीही खर्जाच्या लहरींत ठेवलेली आहे असं सांगून विकली जाते. इथे निदान कल्पना तरी पटण्यासारखी आहे: द्रव हलला तर लाकडाला लागलेला थर बदलत राहील आणि लाकडातली द्रव्यं जास्त उतरतील. पण नॉर्वेची लिनिए अक्वाविट ही दारू एकोणिसाव्या शतकापासून पिंपांत भरून जहाजाने विषुववृत्तापलीकडे नेऊन परत आणतात, आणि तिथे द्रव खरोखर डचमळतो, दिवसा तापतो, रात्री निवतो. त्या हलण्यापुढे स्पीकरने पिंपात उठणारे तरंग किती, हा हिशेब कोणीही मनाशी करून पाहावा.

‘ध्वनीने मुरवलेलं’ असं लिहून येणाऱ्या काही यंत्रांमध्ये अल्ट्रासाउंड असतं, ते या सगळ्यापासून पूर्ण वेगळं धरा. २०,००० हर्ट्झच्या वर, आणि दर चौरस सेंटिमीटरला १० वॉट किंवा त्याहून जास्त शक्ती. त्यात द्रवात बुडबुडे तयार होऊन फुटतात, चरबीचे गोळे मोडतात, पेशी फाटतात. दूध एकजीव करायला, अर्क काढायला, दाणे धरलेला मध पातळ करायला ते खरंच चालतं. ९४ डेसिबलच्या संगीताच्या तुलनेत ही शक्ती कोट्यवधी पट आहे. दोन्हींना ‘ध्वनी’ म्हणून एकाच ओळीत बसवणारा विक्रेता समोर आला तर त्याला वॉटचा आकडा विचारा.

आता ज्या बाजूला संगीताचा परिणाम खरा आहे तिकडे वळतो.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झांपिनी यांनी २००४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे एकसारखे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज त्यांना ऐकवला. फक्त काही वेळा त्यातला वरच्या पट्टीचा भाग वाढवला. आवाज वाढवला की तोच चिप लोकांना जास्त कुरकुरीत आणि जास्त ताजा लागायचा. याला २००८ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं, त्यामुळे अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. आमच्या कामात मात्र ते पायाचं मानलं जातं. चकलीचा किंवा पापडाचा खुसखुशीतपणा आपण दातांइतकाच कानाने ठरवतो. म्हणूनच कुरकुरीत पदार्थांचं पॅनेल बसवताना खोली शांत ठेवावी लागते, आणि शेजारी मिक्सर चालू असेल तर त्या दिवसाचे गुण मी धरत नाही.

सुरांचाही संबंध आहे. उंच पट्टीचे, पियानोसारखे सूर लोक गोडाशी जोडतात. खर्जातले, पितळी वाद्यांचे सूर कडूशी. २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्याच गटाने जळक्या साखरेची टॉफी (तिच्यात गोड आणि कडू दोन्ही असतं) दोन वेगवेगळ्या ध्वनिफितींसोबत दिली. एका फितीसोबत ती जास्त गोड लागली, दुसरीसोबत जास्त कडू. वाइनवर एड्रियन नॉर्थ या मानसशास्त्रज्ञांचंही असंच काम आहे: भारदस्त संगीत लावलं की तीच वाइन लोकांना भारदस्त वाटते. या सगळ्यांत फरक लहान असतो. कारल्याचं श्रीखंड होत नाही. पण दिशा पुन्हा पुन्हा तीच येते, आणि नुसत्या योगायोगाने तसं होत नसतं. जिभेवरचं रसायन तेच राहतं. लक्ष कुठल्या चवीकडे जातं, ते मात्र सूर बदलतो.

नुसत्या गोंगाटाचा परिणाम याहून ठळक आहे. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये विमानाच्या आतल्यासारखा ८५ डेसिबलचा आवाज ऐकवून चवी तपासल्या, तेव्हा गोडी कमी लागली आणि उमामी, म्हणजे टोमॅटो, मशरूम, मुरलेलं चीज यांत असते ती मांसल चव, जास्त लागली. जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे न पाहणारी माणसं विमानात तो का मागतात, याचं स्पष्टीकरण यात शोधलं जातं. शरीररचनेतही एक दुवा आहे: जिभेच्या पुढच्या भागाची चव वाहून नेणारी कॉर्डा टिंपनी ही नस मधल्या कानातून, पडद्याला लागून जाते.

आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या वेळी डीजे चालू असतो तेव्हा आवाज ८५ डेसिबलच्या बराच वर जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आचाऱ्याने बासुंदी आटवायला तासन्‌तास घालवलेले असतात, आणि तिची गोडी ज्या आवाजात बोथट होते त्याच आवाजात ती वाढली जाते. गोड कमी पडलं अशी तक्रार आली की पुढच्या वेळी साखर वाढते. त्याआधी पंगतीपुरता आवाज निम्म्यावर आणून पाहावा. हॉटेलवाल्यांनाही माझा हाच सल्ला आहे: कोणतं गाणं लावायचं हा विचार नंतर, आधी फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने गर्दीच्या वेळचा आकडा बघा. ७० च्या आसपास आणता आला तर पदार्थाला हात न लावता तो सुधारेल.

तरीही स्वतः तपासून बघायची इच्छा असेल, तर जरूर बघा, फक्त नीट बघा. चीजचं एकच दूध, एकच विरजण, एकच घाणा घ्या. निदान सोळा सारखे गड्डे पाडा. चिठ्ठ्या टाकून आठ संगीताला, आठ शांततेला. शांततेतल्या गड्ड्यांनाही ट्रान्सड्यूसर जोडा आणि तितकीच ऊब द्या. दोन्हींकडे तापमापक आत खुपसून नोंद ठेवा. मुरल्यावर त्रिकोण चाचणी घ्या: चाखणाऱ्यासमोर तीन तुकडे, दोन एका गटाचे आणि एक दुसऱ्याचा, आकड्यांची लेबलं, क्रम बदलता. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून २४ जणांपैकी किमान १३ जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक आहे असं धरा. १२ जणांनी ओळखलं तर नाही. आणि ‘कोणतं आवडलं’ हा प्रश्न त्यानंतर विचारा, आधी नाही. तुकडे देणाऱ्या माणसालाही कोणता तुकडा कुठला हे माहीत नसावं, कारण चाखणारे त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतात.

एवढी तयारी नसेल तर स्पीकरचे पैसे खोलीतल्या आर्द्रतामापकावर आणि प्रत्येक फळीवरच्या तापमापकावर घाला, आणि गड्डे दर आठवड्याला फळीवर जागा बदलून ठेवा.